गाडीतला अखंड दिवा

दुकानदार नको म्हणत असताना मी माझ्या नव्या इलेक्ट्रिक गाडीत अंबाबाईच्या तसबिरीपुढे अखंड जळणारा दिवा बसवून घेतला. चूक एवढीच. पुढचं सगळं त्या एका चुकीच्या पोटातून निघालं. लोक आपले आध्यात्मिक अनुभव सांगताना डोळे मिटतात, आवाज हळू करतात. मला ते जमत नाही, कारण माझा अनुभव आठवला की मला आधी राग येतो. गाडीचा येतो, कंपनीचा येतो, उसाच्या ट्रॅक्टरांचा येतो, खरं सांगायचं तर देवीचाही येतो, आणि सगळीकडे फिरून तो राग शेवटी माझ्याच दारात येऊन बसतो.

त्याचं असं झालं. गाडी घटस्थापनेच्या मुहूर्तावर घरी आली. आमच्याकडे नवरात्रात नऊ दिवस नंदादीप असतो. बायको रात्री उठून तेल घालते, वात पुढे सारते, वारा लागू नये म्हणून खिडकीला चादर लावते. ते बघून माझ्या मनात आलं, घरातल्या देवीचा दिवा अखंड आणि गाडीतल्या देवीचा मात्र बटणाबरोबर चालू आणि बंद, हे काही बरोबर दिसत नाही. आमच्या कोल्हापुरातल्या राजारामपुरीत गाड्यांच्या सजावटीचं सामान विकणारं एक दुकान आहे, तिथून तसबीर निवडली. मागे लाल दिव्यांची गरगर फिरणारी प्रभावळ, पुढे लुकलुकणारी ज्योत. दुकानदार म्हणाला, गाडी बंद झाली की हेही बंद होईल असं जोडून देतो. मी म्हटलं, देवी काय गाडीच्या नोकरीला आहे का? निदान गाडी उभी असताना तरी बंद ठेवा, असं त्याने दोनदा सांगून पाहिलं. तेव्हा मी माझं ठेवणीतलं वाक्य काढलं: उभा जन्म वीज खात्यात गेला, मला वीज शिकवू नका. मी वीज खात्यात होतो हे खरं आहे. पण मी बिलं काढायचो. तारेला मी आयुष्यात हात लावलेला नाही, आमच्या घरात बल्बसुद्धा बायको बदलते. दुकानदाराने हात जोडले आणि दिवा थेट बॅटरीला जोडून दिला.

कुठल्या बॅटरीला, हे मी विचारलं नाही. माझ्या समजुतीप्रमाणे इलेक्ट्रिक गाडीला एकच बॅटरी, सीटखाली पसरलेली, पार पुण्याला नेऊन सोडणारी. तिला हा काजव्याएवढा दिवा काय जड? त्या मोठ्या बॅटरीला जागं करायला पुढे बॉनेटखाली एक छोटी बॅटरी असते, पेट्रोलच्या गाडीत असते तसलीच, आणि ती झोपली तर मोठी कितीही भरलेली असो, उठत नाही, हे मला माहीत नव्हतं. दिवाळीत आम्ही दोघं रेल्वेने दक्षिणेच्या सहलीला जाऊन आलो. तेवढे दिवस गाडी दारात उभी आणि आत देवीची प्रभावळ गरगर फिरते आहे. शेजारी कौतुकाने सांगायचे, तुमच्या गाडीत रात्रीसुद्धा देवी जागी असते. मला धन्य वाटायचं.

आता मावशीविषयी. कागलला माझी मावशी असते, आईची धाकटी बहीण, ऐंशीच्या पुढची. आई गेल्यावर माझं माहेर म्हणाल तर तेच घर. तिला काचबिंदू झालाय. एका डोळ्याचं संपलंच होतं, दुसऱ्याने नळीतून बघावं तेवढंच दिसायचं, आणि ती नळीही बारीक होत चाललेली. कोल्हापुरातल्या डॉक्टरांनी पुढच्या आठवड्यात ऑपरेशन ठरवलं होतं. गेलेलं परत येणार नाही, आहे ते टिकवायचा प्रयत्न करू, टिकेलच असं सांगत नाही, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. मावशी रडली नाही. घरी येताना एवढंच म्हणाली की ऑपरेशनच्या आधी तेवढा किरणोत्सव दाखव.

किरणोत्सव म्हणजे काय ते कोल्हापूरच्या माणसाला सांगायला नको, बाहेरच्यासाठी सांगतो. नोव्हेंबरात आणि मग जानेवारी-फेब्रुवारीच्या सांध्यावर, मोजक्या दिवशी, मावळतीची किरणं महाद्वारातून आत शिरतात आणि सरळ गाभाऱ्यात अंबाबाईपर्यंत जातात. पहिल्या दिवशी पायांवर, दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. तेव्हा आतले दिवे मालवतात. तेही हवा स्वच्छ असली तर. ढग आला, धुरकट झालं, तर किरणं वाटेतच थांबतात. मावशी जन्मभर कागलात राहिली आणि तिने हे कधी पाहिलं नव्हतं. नोव्हेंबर म्हणजे सुगी, नंतर म्हणजे उसाची तोड, मग सून बाळंतीण, मग म्हैस आजारी. देवी काय पळून जाते का, असं म्हणत तिने सत्तर वर्षं घालवली. आता देवी होती तिथेच होती, डोळे पळून चालले होते.

म्हणून तिसऱ्या दिवसासाठी आम्ही आदल्या संध्याकाळीच कागलला मुक्कामाला गेलो. त्या दिवशी सकाळी गाडीचा पडदा, म्हणजे समोरचा स्क्रीन, दोनदा फडफडून मग उजळला होता. मी म्हटलं, नवी आहे, लाजते. मावशीचं घर कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या वळणावर आहे. अंगणात भुईमुगाच्या शेंगा वाळत घातलेल्या, म्हणून गाडी बाहेर वळणावरच लावली. त्याआधी मावशीला पुढच्या सीटवर बसवून गावातून एक फेरी मारली. तिला रस्ता काही दिसत नव्हता, पण समोरची लाल प्रभावळ मात्र ती बघत राहिली. काय तरी लाल लाल फिरालंय बघ, म्हणाली. मी छाती फुगवून सांगितलं, अखंड दिवा आहे मावशी, हा कधी मालवत नाही.

त्याच संध्याकाळी माझी पहिली लढाई झाली. कारखाना सुरू झालेला, रस्त्याने एकामागून एक उसाचे ट्रॅक्टर. एक आला तो मागे दोन ट्रॉल्या, वर कर्णे, कर्ण्यांत कान फाटतील असं गाणं, आणि पुढच्या काचेवर मोठ्या अक्षरांत ‘आई अंबाबाई प्रसन्न’. चालवणारा सीझनपुरता शिरोळकडून आलेला गडी, डोक्याला टॉवेल, डोळ्यांवर काळा चष्मा, संध्याकाळ असूनही. गाडी जरा पुढं घ्या पावणं, ट्रॉली वळंना, म्हणाला. गाडी पुढे घ्यायला मला काहीच हरकत नव्हती. पण मी आधी खाली उतरलो आणि त्याला धुरावर, आवाजावर आणि येणाऱ्या पिढ्यांच्या फुप्फुसांवर व्याख्यान दिलं. मग आवाज न करता गाडी सरकवून दाखवली आणि विचारलं, कुठे धूर दिसला? काही ऐकू आलं? त्याने चष्मा वर केला, झ्याक हाय की, म्हणाला, आणि जाताना मुद्दाम जोरात दाबून माझ्या अंगावर काळा ढग सोडून गेला. तो गेल्यावर मी गाडी पुन्हा वळणावर आणून लावली. रस्ता काय त्याच्या बापाचा आहे का?

दुसऱ्या दिवशी मावशी जेवण झाल्या झाल्या तयार. ठेवणीतलं इरकल नेसली, अंबाड्यात शेवंती माळली, कमरेच्या चंचीत पानसुपारी आणि अडकित्ता. जाऊन पुढच्या सीटवर बसली ती बसलीच. दुपारीच निघायचं, गर्दीच्या आधी पोचायचं, असं ठरलेलं. मी ऐटीत बसलो, ब्रेकवर पाय ठेवला, बटण दाबलं. गाडीच्या पोटात कुठेतरी टक् झालं. पडदा उजळला, थरथरला आणि काळा झाला. पुन्हा दाबलं. आता टक्सुद्धा नाही.

मग मी जे काही केलं त्याला बायको नंतर पूजा म्हणाली, आणि ते पूजेपेक्षा फार वेगळं नव्हतंच. बटण दाबून धरलं, सोडून दाबलं. किल्ली रुमालाने पुसली. दुसरी किल्ली काढली. उतरून दार लावलं, कुलूप केलं, कुलूप काढलं, परत आत बसलो. टायरला लाथ मारून पाहिली. माझा मोबाईल त्रास देत असेल म्हणून तो मावशीच्या सुनेकडे देऊन तिला लांब उभी केली. घरातून वायर ओढून चार्जिंगला लावली, तर गाडीला वायर लागली आहे याचाही पत्ता नाही. बायकोने पहिल्याच मिनिटाला विचारलं होतं, अहो, रिक्षा सांगू का? मी म्हटलं, पाच मिनिटं थांब. थोड्या वेळाने तिने परत विचारलं. मी परत पाच मिनिटं मागितली. सगळ्या गावाला फेरी दाखवलेल्या गाडीतून उतरून रिक्षात बसायचं म्हणजे काय तोंड राहिलं?

कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. आधी बराच वेळ बासरी ऐकवली, मग एक मुलगी आली आणि अतिशय गोड आवाजात विचारू लागली, गाडी सुरक्षित जागी उभी आहे का? मी म्हटलं, वळणावर उभी आहे आणि मी सुरक्षित नाही. ती म्हणाली, आपल्या भावना समजू शकते. मी म्हटलं, भावना राहू द्या, सूर्य मावळायच्या आत गाडी हलवा. तिने पुढचा प्रश्न विचारला: गाडीत बाहेरून काही बसवून घेतलंय का? मी ठणकावून सांगितलं, काही नाही. आणि मी खोटं बोलत नव्हतो हो. देवी म्हणजे काही बाहेरून बसवलेलं सामान, असं माझ्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. मुलगी म्हणाली, मग कोल्हापुरातून गाडी उचलून न्यायला माणसं पाठवते, संध्याकाळपर्यंत येतील.

संध्याकाळपर्यंत. मी फोन ठेवला आणि माझा सगळा संताप समोरच्या तसबिरीवर गेला. तोंडातल्या तोंडात, पण शब्द स्पष्ट होते. म्हटलं, आई, मी काय कमी केलं? सगळं गाव चार भिंतींच्या आत तुझा दिवा लावतं, मी चार चाकांवर लावला. आणि तुझ्याच दाराला यायला निघालेल्या आंधळ्या बाईची वाट तू अडवतेस? ही तुझी रीत झाली का? दुसऱ्या कुणाला अडव, खोटं बोलणाऱ्याला अडव, ट्रॅक्टरवाल्याला अडव. मावशी शेजारीच बसली होती. तिने काही ऐकलं असेल तर तसं दाखवलं नाही. सुपारी कातरत राहिली.

ट्रॅक्टरवाल्याला अडव, एवढं म्हणणं मात्र देवीने लगेच मनावर घेतलं. वळणाच्या पलीकडून तेच गाणं ऐकू आलं. मग काचेवरची तीच अक्षरं. आई अंबाबाई प्रसन्न. प्रसन्न म्हणे. ट्रॅक्टर माझ्या गाडीसमोर येऊन थांबला, मागच्या दोन ट्रॉल्यांना वळायला जागा नाही. टॉवेलवाला वरूनच म्हणाला, काय पावणं, आज पण भाषण हाय काय? मी सांगितलं की गाडी बंद आहे. त्याला ते खरं वाटेना, काल तर झ्याक होती. खाली उतरला, चार माणसं गोळा केली, त्यांनी रेटून पाहिलं. पण ही गाडी बंद पडली की चाकं आवळून धरते, चोराने ढकलून नेऊ नये म्हणून. ती तसूभर हलली नाही. तोवर त्याच्यामागे आणखी एक ट्रॅक्टर आला, त्याच्यामागे आणखी एक. सगळे कर्णे, सगळी गाणी, सगळे भोंगे. कुणी म्हणालं उचलून शेतात टाका, कुणी म्हणालं कारखान्याला कळवा. आता बायकोने मला न विचारता रिक्षा सांगितली, आणि रिक्षावाल्याने पलीकडूनच फोन केला की रस्ता तुंबलाय, आत येता येत नाही, कुणा शहाण्यानं मधी गाडी लावलीया. कोल्हापूरला जायचा रस्ता तोच. दुसऱ्या बाजूला कारखाना आणि नुसती शेतं. ऊन कलायला लागलं होतं.

त्या सगळ्या गोंगाटात मावशी पहिल्यांदा बोलली.

"आरं, देवीचा दिवा कुठं गेला?"

मी म्हटलं, मावशी, आत्ता दिव्याचं काय काढलंस.

"काल हितं लाल लाल फिरत हुतं. आज सगळं काळंच दिसतंय. तू तर म्हणलास, कधी मालवत न्हाई."

मी तसबिरीकडे बघितलं. इतका वेळ मी तिच्याशी भांडत होतो, पण ती मला दिसली नव्हती. प्रभावळ थांबली होती. ज्योत नव्हती. नळीएवढ्या नजरेला जे दिसलं ते माझ्या चष्म्याच्या दोन काचांमधून दिसलं नव्हतं. आधी वाटलं, अखंड दिवा मालवला, आता काय अपशकुन. आणि मग दुकानदाराचे जोडलेले हात आठवले.

बायकोने माझ्या हातून फोन काढून घेतला आणि त्याच मुलीला लावला. देवीचा दिवा लावलाय हो, दिवसरात्र जळणारा, असं सांगून टाकलं. मग मुलीने एकेक गोष्ट नीट सांगितली आणि बायको ती मोठ्याने म्हणत गेली. छोटी बॅटरी दिव्याने पिऊन टाकली आहे. आधी दिव्याची तार तोडा. मग दुसऱ्या कुठल्याही गाडीच्या बॅटरीवरून तारा जोडून हिला जागी करा. आणि सुरू झाली की बंद करू नका, ही बॅटरी पुन्हा उठवेल याची खात्री नाही.

दुसरी गाडी म्हणजे समोरचा ट्रॅक्टर. टॉवेलवाल्याचा स्टार्टर अधूनमधून दगा द्यायचा, म्हणून जोडायच्या तारा सीटखाली होत्याच. पण तो मागे सरकला. ह्या करंटच्या गाडीला हात लावून मी मेलो तर घरच्या म्हातारीला कोण सांगणार, म्हणाला. त्याची समजूत बायकोने घातली. तार तोडायची समजूत मात्र माझी कुणी घालायची? हात पुढे जाईना. आमच्यात दिवा विझवला असं तोंडाने म्हणतसुद्धा नाहीत, आणि मी किरणोत्सवाच्या दिवशी देवीच्या दिव्याची तार तोडायची? मावशीने चंचीतून अडकित्ता काढला, माझ्या हातात दिला, आणि तसबिरीपुढे हात जोडून, शेजारणीशी बोलावं तशी बोलली:

"आई, तुझ्याच घरला यायचंय. तवर जरा डोळं मीट."

मी तार कातरली. सुपारी फुटावी तसा आवाज झाला. एवढंच झालं.

मग तारा जोडल्या. टॉवेलवाल्याने ट्रॅक्टर घरघरवला, आणि वाऱ्याची दिशा अशी की सगळा धूर माझ्या तोंडावर. काळा, दाट, डोळ्यांत पाणी आणणारा. मी तो गिळला. आतून बायको ओरडली, पडदा आला. बटण दाबलं. गाडी जागी झाली, काही झालंच नाही अशी, मुकाट, आवाज न करता. बघ्यांनी शिट्ट्या मारल्या. टॉवेलवाला तारा गुंडाळत जवळ आला, काळा चष्मा वर केला, आणि फार मायेने विचारलं:

"पावणं, आता धूर चालतोय न्हवं?"

मी त्याच्या पाया पडायला वाकलो. खरंच वाकलो. तो मागे उडी मारून म्हणाला, पाया नंतर पडा, आधी गाडी काढा, कारखान्याचा वजनकाटा बंद हुईल.

हायवेवर मी कुणाला मागे टाकलं नाही, हॉर्न वाजवला नाही. सूर्य डावीकडे खाली खाली येत होता आणि मी मनात त्याला विनवत होतो, जरा दमानं घे. बिंदू चौकापाशी गर्दी. गाडी कुठेही लावा, पण बंद करायची नाही, आणि चालू ठेवून सोडून जाता येत नाही, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. म्हणजे मी आत जाऊ शकत नव्हतो. बायकोने मावशीचा हात धरला, दोघी उतरल्या, शेवंतीचा अंबाडा गर्दीत थोडा वेळ दिसला, मग दिसेना. पोलीस काचेवर टकटक करून म्हणाला, इथं थांबायचं नाही, पुढं चला.

थांबायचं नाही आणि बंद करायचं नाही. मग काय करणार? फिरत राहिलो. बिंदू चौकातून मिरजकर तिकटी, तिथून रंकाळा वेस, गंगावेस, परत बिंदू चौक. परत पोलीस, परत पुढं चला. माझा संताप पुन्हा उकळायला लागला. सगळी धडपड मी केली, धूर मी खाल्ला, तार मी तोडली, आणि देवी बघायची बाकीच्यांनी? मला आत घेतलं असतंस तर तुझं काय जाणार होतं? दुसऱ्या फेरीला लक्षात आलं की देऊळ सारखं माझ्या उजव्या हाताला आहे. लाखो माणसं श्रद्धेने जी प्रदक्षिणा घालतात ती मी शिव्या देत, पोलिसाच्या शिट्टीवर घालत होतो.

त्या फेरीत रंकाळा वेशीकडे वळलो आणि समोर सूर्य आला. अगदी खाली, लालभडक, काचेतून सरळ आत. स्टेअरिंगवरच्या हातांवर ऊन पडलं, मग छातीवर, मग डोळ्यांत, आणि मला काहीच दिसेना. थांबावं लागलं. मागून भोंगे सुरू झाले. हाताचा आडोसा केला तेव्हा फक्त डॅशबोर्ड दिसत होता, आणि त्यावर तुटकी तार लोंबणारी ती तसबीर. प्रभावळ फिरत नव्हती, ज्योत नव्हती, पण देवीचं तोंड लालीलाल झालेलं. ऊन पडलं की काचेतली कुठलीही वस्तू लाल दिसते, हे मला कळतं. मी काही त्याला चमत्कार म्हणत नाही. एवढंच सांगतो की माझी भांडायची सगळी वाक्यं तिथे संपली. मागचा माणूस उतरून येईपर्यंत मी हात जोडून बसलो होतो. तो काय बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आता मागे वळून बघतो तेव्हा वाटतं, मी दिवा लावला त्यातही देवीपेक्षा मीच जास्त होतो. माझी गाडी, माझा दिवा, माझी भक्ती, बघा रे. तिने माझ्याकडून काही काढून घेतलं असेल तर ते एवढंच, आणि तेही ज्याला मी हिणवलं त्या माणसाचा धूर खायला लावून. शरण जाणं म्हणजे काहीतरी मोठं, धीरगंभीर असेल असं मला वाटायचं. माझ्या वाट्याला आलं ते एका हातात अडकित्ता आणि डोळ्यांत डिझेलचा धूर असताना. बटण दाबणं संपलं, पाच मिनिटं मागणं संपलं, मग गाडी हलली. मावशीचं ऑपरेशन झालं. आहे तेवढं टिकलंय, डॉक्टर म्हणाले. तेवढ्यासाठी मी रोज हात जोडतो, गाडीतल्या बिनदिव्याच्या तसबिरीला. आणि उसाचा ट्रॅक्टर समोर आला की गाडी बाजूला घेऊन आधी त्याला जाऊ देतो.

त्या संध्याकाळी अंधार पडता पडता दोघी परत आल्या. बायकोचे डोळे सुजलेले. तिने सांगितलं, हवा स्वच्छ होती, किरणं मुखापर्यंत गेली, एका पोलीसबाईने मावशीला पुढे नेऊन उभं केलं. मावशी सीटवर बसली, पदराने तोंड पुसलं. मी विचारलं, दिसली का गं देवी?

"मूर्ती न्हाई दिसली बाबा," ती म्हणाली. "उजेड दिसला. बास की तेवढा. तू काय बघितलंस?"

मी म्हटलं, मी गाडीत फिरत होतो. वाटेत सूर्य दिसला. आणि पुढे सांगून टाकलं की मावशी, दिव्याची तार तुटली ती माझ्या मनाला लागलीय, उद्याच दुसरा दिवा बसवून घेतो, या वेळी नीट जोडून. मावशीने हात पुढे करून चाचपत तसबीर शोधली, लोंबणारी तार बोटाला गुंडाळली, आणि मागे बसलेल्या माझ्या बायकोकडे तोंड करून म्हणाली:

"जिच्या घरला सूर्य पाया पडाय येतोय, तिला ह्यो बॅटरीवरचा दिवा लावणार. आन म्हणं लाईटच्या हापिसात हुता."